ओपीडीचं सॉफ्टवेअर, तीन वर्षं वापरून: सगळं विचारतं, माणूस कामाला कुठे ते विचारत नाही

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. विकणाऱ्यांना पहिल्या चार ओळींत कळेलच. बाकीच्यांनी नावाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण घेण्याआधी आणखी दोघांचे डेमो पाहिले होते, तिथेही हीच गत होती.

मी भोसरीत १९९९ पासून जनरल प्रॅक्टिस करते. दवाखाना लांडेवाडीच्या बाजूला. एमआयडीसीतली पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि पावणेचारला माझ्याकडच्या बाकड्यावर जागा उरत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरकडून माझी पहिली अपेक्षा साधी होती: त्याने मला हळू करू नये. त्या परीक्षेत ते पास आहे. टोकनचा नंबर बाहेरच्या टीव्हीवर येतो, जुना पेशंट मोबाइल नंबरवरून दोन सेकंदांत सापडतो, आणि प्रिस्क्रिप्शन मराठीत छापून मिळतं. ‘सकाळी १, रात्री १, जेवणानंतर’ असं ठळक अक्षरांत. माझं अक्षर पाहिलेल्या केमिस्टने त्या आठवड्यात मला पेढे द्यायचे बाकी ठेवले होते. वर्षाला साडेचौदा हजार रुपये पडतात. एका डॉक्टरच्या दवाखान्याला जड आहेत, पण ठीक.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. घरी वारलेल्या माणसाच्या मृत्यूच्या कारणाचा दाखला म्हणजे फॉर्म ४-अ. (रुग्णालयात वारला तर फॉर्म ४.) हा दाखला ते नीट छापतं, आणि पहिल्या ओळीत तुम्ही ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलंत तर अडवतं: ‘हे मरण्याचं कारण नाही, मरण्याची रीत आहे. कशामुळे?’ आमच्या निम्म्या बिरादरीला ही सवय आहे. हृदय आणि श्वास बंद पडल्याशिवाय कोणी मरतं का? खाली मधुमेह, मूत्रपिंड, पक्षाघात असं जे खरं कारण असतं ते लिहिलं जात नाही, आणि मग राज्यात लोक कशाने मरतात याचा हिशेबच बिघडतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. २०२३च्या दुरुस्तीने हा दाखला नातेवाइकांनाही मोफत द्यायचा असं स्पष्ट केलंय. सॉफ्टवेअर दोन प्रती आपोआप काढतं. हे करणाऱ्याच्या टीममध्ये कोणीतरी जाणता डॉक्टर नक्की बसला आहे.

म्हणूनच पुढचं जास्त खटकलं.

गेल्या जुलैत एक जण आला. उदगीरकडचा, वय चौतीस. तक्रार काय, तर रात्री झोपेत नाकातून शिट्टी वाजते आणि बायको उठवते. हसतच सांगत होता. सर्दी नाही, दुखत नाही, कधीमधी खपली पडते आणि थोडं रक्त येतं. मी टॉर्च उजव्या नाकपुडीत धरला आणि डाव्या नाकपुडीतून उजेड बाहेर आला.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगते, पहिल्यांदा दिसतं तेव्हा आपल्याच हाताचा भरवसा वाटत नाही. मी टॉर्च काढून परत धरला. मग म्हटलं, हात दाखवा. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला, पंच मारावा तसे गोल खड्डे. काही भरलेले, दोन ताजे. ‘हे ॲसिडचं आहे मॅडम, ते दुखत नाही,’ म्हणाला. दुखत नाही हीच त्या फोडाची ओळख आहे.

कामाला कुठे? तर प्लेटिंगला, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कामाला. क्रोमच्या टाकीवर, सहा वर्षं. हँगरला जॉब, म्हणजे सुटे भाग, लावायचे, टाकीत सोडायचे, काढायचे. टाकीवर धूर असतो म्हणाला. तो खरा तर धूर नसतो. क्रोमच्या टाकीत विजेचा फार थोडा भाग क्रोम चढवण्यात जातो. उरलेल्या विजेने पाणी फुटून वायूचे बुडबुडे होतात, ते पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. ते श्वासाबरोबर नाकात जातात आणि पडद्याच्या पुढच्या कुर्चेवर बसतात. आधी खपली, मग व्रण, मग भोक. इतकं सावकाश, की माणसाला शिट्टी वाजल्यावरच कळतं. हाच क्रोम, सहा संयुजेचा, फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतो, म्हणून नाकातलं भोक ही नुसती नाकाची गोष्ट नसते.

मी एएफआयएचचा, म्हणजे औद्योगिक आरोग्याचा, तीन महिन्यांचा कोर्स केलेला आहे, त्यामुळे पुढे काय करायचं हे माहीत होतं. तेव्हा लागू होतं कारखाने अधिनियम १९४८चं कलम ८९. त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार होते: शिसं, पारा, मँगनीज, बेन्झीन, वाळूच्या धुळीचा सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा, तेलाने आणि रसायनांनी येणारे त्वचेचे आजार, कामामुळे होणारे कर्करोग. क्रोमचे व्रण आणि त्यांचे परिणामही त्यातच. यातला कुठलाही आजार कामगाराला झाला तर व्यवस्थापकाने कळवायचंच, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवायचं. आपल्याकडे ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातं. पत्रात तीनच गोष्टी लागायच्या: रुग्णाचं नाव आणि पूर्ण पत्ता, आजार, आणि तो जिथे कामाला आहे किंवा शेवटी होता त्या कारखान्याचं नाव-पत्ता.

डॉक्टर मंडळींनी यातला एक शब्द नीट वाचावा. रुग्णाला तो आजार आहे असं डॉक्टरला नुसतं ‘वाटत’ असेल तरी कळवायचं आहे. सिद्ध करायचं काम आपलं नाही. त्यासाठी प्रमाणक शल्यचिकित्सक, म्हणजे सर्टिफाइंग सर्जन, असतो. तो तपासून दाखला देतो. आपण न कळवलं तर एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. उलट, आपलं निदान सर्टिफाइंग सर्जनच्या दाखल्याने खरं ठरलं तर आपल्याला ठरलेली फी मिळायची आणि सरकार ती कारखानदाराकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायचं. ही फी मी आजवर मागितलेली नाही. सहा वेळा कळवलंय, सहाही वेळा राहून गेलं.

तर मी सॉफ्टवेअरमध्ये निदान टाकलं. नाकाच्या पडद्याला भोक, कोड जे-३४.८. काही झालं नाही. ‘क्रोम’ असं टाइप केलं, काही नाही. हेच सॉफ्टवेअर टीबीचा कोड, ए-१५, टाकला की पडद्यावर लाल पट्टी आणतं: ‘शासनास कळवणे आवश्यक’. लगेच निक्षयचा, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलचा, नंबर विचारतं, आणि तो भरल्याशिवाय पुढचा पेशंट उघडू देत नाही. टीबी २०१२ पासून कळवण्याच्या यादीत आहे, तेव्हा हे अगदी बरोबर आहे, माझ्या हातून एकही केस सुटलेली नाही. पण लाल पट्टीची यादी मी उघडून पाहिली तर सगळे संसर्गजन्य आजार. टीबी, कुष्ठरोग, कॉलरा, डेंग्यू, मलेरिया. आणि हो, अँथ्रॅक्स. गंमत म्हणजे अँथ्रॅक्स त्या २९ जणांतही आहे, जनावरांची कातडी-लोकर हाताळणाऱ्यांना होतो म्हणून. म्हणजे २९ पैकी एक यांच्याकडे होता, तोही चुकून.

पण खरी अडचण पट्टीची नाहीच. पत्र मला लेटरहेडवर लिहिता येतं. मी कारखान्याचं नाव लिहायला जागा शोधत होते. पेशंटच्या पानावर रक्तगट आहे, आधार आहे, ईमेल आहे (माझ्या पेशंटांपैकी ईमेल किती जणांचा असेल?), पिनकोड टाकला की ‘भोसरी’ आपोआप भरलं जातं. ‘व्यवसाय’ या चौकटीत मात्र पाचच पर्याय: नोकरी, धंदा, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त. झालं. नाकाला भोक पडलेला माणूसही ‘नोकरी’ आणि त्याच्या मागे बसलेला बँकेतला कारकूनही ‘नोकरी’. कायद्याला तीन गोष्टी लागत होत्या, त्यातली तिसरी लिहायला या सॉफ्टवेअरमध्ये जागाच नाही.

सपोर्टला फोन केला. फोन लगेच उचलतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. मुलगा सभ्य होता.

‘मॅडम, हा जो आजार आहे, तो संसर्गजन्य आहे का?’

‘नाही.’

‘म्हणजे दुसऱ्याला होत नाही ना. मग कळवायचा कशाला?’

‘अहो, त्याच टाकीवर आणखी अकरा जण आहेत.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘तिकीट रेझ करतो मॅडम.’

त्याला दोष देत नाही. आमच्या डॉक्टरांच्या डोक्यातही हेच बसलेलं आहे की ‘कळवायचा आजार’ म्हणजे साथीचा आजार. त्या तिकिटावर चौथ्या दिवशी उत्तर आलं, ‘पुढील आवृत्तीत विचार केला जाईल’. पुढच्या आवृत्तीत प्रिस्क्रिप्शनवर माझा फोटो टाकायची सोय आली. मी मागितली नव्हती.

पत्र मी हाताने लिहिलं. पण आधी त्या माणसाला समोर बसवून सांगितलं. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती अशी: ‘नाव नका पाठवू मॅडम, ठेकेदार काढून टाकेल.’ नाव गाळून पाठवायची मुभा मला कायदा देत नाही, हे सांगितलं. मग हेही सांगितलं की त्याच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे, आणि ईएसआय कायद्यात असा आजार कामावरची इजा म्हणूनच धरतात. क्रोमचा आजार ज्या भागात आहे त्याला सहा महिने सलग नोकरी लागते, याची तर सहा वर्षं झालेली. तो बराच वेळ बोटांचे खड्डे बघत बसला. मग म्हणाला, पाठवा, पण माझ्याआधी बंड्याचं नाक बघा, त्याच्या नाकातून रोज रक्त येतं. दुसऱ्या दिवशी बंड्या आला. त्याला भोक नव्हतं, व्रण होता. दोघांनाही वायसीएम रुग्णालयात कान-नाक-घशाकडे पाठवलं आणि दोन पत्रं पोस्टात टाकली. पोचपावतीचा कागद मी अजून फाइलला लावते. सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करून जोडता येतो, तेवढं बरं आहे.

पुढचं मला पेशंटकडूनच कळलं. तपासणी झाली, टाकीला बाजूने हवा ओढणारा एक्झॉस्ट बसला, आणि टाकीत पांढरे प्लास्टिकचे गोळे सोडले. ‘पोरांच्या खेळातले असतात तसे, शेकडो, वर तरंगतात.’ ते तुषार दाबायला असतात. साधी, स्वस्त युक्ती आहे, सहा वर्षांपूर्वी करता आली असती. तो आता पॅकिंगला असतो. शिट्टी अजून वाजते. भोक आपोआप बुजत नाही.

ज्यांना वाटेल की हे फक्त प्लेटिंगवाल्यांचं आहे, त्यांनी फाउंड्रीकडे बघावं. मोल्डिंग (वाळूचे साचे) आणि फेटलिंग (ओतीव भागांची घासाई) करणारा माणूस खोकत येतो, एक्स-रेवर डाग असतात, आणि सॉफ्टवेअर लाल पट्टी नाचवायला लागतं: टीबी, टीबी. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर होतो, त्यामुळे पट्टी खोटी आहे असंही नाही. पण जे चमकतं तेच डॉक्टर बघतो. टीबीची औषधं सुरू होतात, कोर्स संपतो, दम तसाच राहतो, आणि वाळूच्या धुळीबद्दल कोणी कोणाला कळवत नाही. प्रेसशॉपवाल्यांचं तर बोलूच नका. आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा कागदावर आहे, आणि माझ्यासमोर बसून माझा प्रश्न तीनदा विचारायला लावणारा चाळिशीतला माणूस बाकड्यावर आहे. बहिरेपणाचा कोड टाकला तर सॉफ्टवेअर काय सुचवतं? ‘कानातील मळ?’

कर्करोगाचं थोडं वेगळं आहे, त्यावर सॉफ्टवेअरवाल्यांना मी फार ताणणार नाही. मुंबईत १९६३ पासून, बार्शीला १९८७ पासून कर्करोग नोंदणी चालू आहे. पुण्याचीही आहे. पण ही नोंदणी बहुतकरून नोंदणीचे लोकच रुग्णालयांत, पॅथॉलॉजीत फिरून करतात. कर्नाटकासारख्या काही राज्यांनी कर्करोग कळवणं बंधनकारक केलेलं आहे. सर्पदंशाचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना तो कळवण्याच्या यादीत घ्या असं पत्र पाठवलं. साप चावणं काही साथीचं नाही, तरी यादीत यायची गरज पडलीच ना? यांच्या लाल पट्टीत तोही नाही. भोसरीत मला लागणार नाही, पण हे सॉफ्टवेअर जुन्नर-आंबेगावातल्या दवाखान्यांतही विकतात.

डिसेंबरात मी त्यांना पुन्हा लिहिलं, कारण मध्ये कायदाच बदलला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी कामावरच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता लागू झाली. कलम ८९ चं आता कलम १२ झालंय, मुख्य निरीक्षकाच्या पदाला फॅसिलिटेटरचं शेपूट लागलंय, २९ आजारांची यादी आहेच, आणि न कळवणाऱ्या डॉक्टरचा दंड एक हजाराऐवजी दहा हजारांपर्यंत गेलाय. मला वाटलं, दहा हजार म्हटल्यावर तरी हलतील. गल्लीतल्या सहा-सात माणसांच्या गाळ्यांपर्यंत हे सहसा पोचत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि माझे निम्मे पेशंट तिथलेच आहेत. पण कळवायचं असो वा नसो, माणूस काय काम करतो ते केसपेपरवर नको का? उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.’ सोबत नूतनीकरणाची लिंक आणि दहा टक्के सवलत.

घेणाऱ्यांना एवढंच सांगते, डेमोला येणाऱ्या मुलाला टीबी टाकायला लावू नका, तो तयारी करून येतो. त्याला म्हणा, पेशंट बॅटरीच्या कारखान्यात प्लेटा कापतो, पोटात कळा येतात, हिमोग्लोबिन आठ आहे. (शिशाची विषबाधा अशीच दिसते.) बघू तुमचं सॉफ्टवेअर काय विचारतं. आणि डेटा बाहेर काढता येतो का ते लेखी घ्या. माझा तीन वर्षांचा डेटा एक्सेलमध्ये निघाला, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. एकूण पाचपैकी तीन. फॉर्म ४-अ नसता तर अडीच दिले असते.

नूतनीकरण केलं आहे. करावंच लागतं, बाकड्यावरच्या माणसांना थांबवून मी वही उघडणार नाही. पण पीएमटी चौकातल्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला, दोनशे वीस रुपयांत. तीन ओळींचा: ‘कुठे कामाला? कोणत्या मशीनवर? किती वर्षं?’ नवा पेशंट आला की रिसेप्शनवरची मुलगी टोकनच्या चिठ्ठीमागे तो मारते आणि बाहेर बसल्या बसल्याच भरून घेते. सुरुवातीला ती वैतागली होती. परवा आत येऊन म्हणाली, ‘मॅडम, हा म्हणतोय कुठे कामाला नाही, घरीच असतो. पण घरी काय करता विचारलं तर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो म्हणतोय. शिक्का मारू का?’